मराठी प्रकाशकांना खुलं पत्र: तेरा ते अठरावाल्यांची फळी रिकामी आहे

प्रकाशक मंडळी, नमस्कार.

मी मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत लायब्ररी चालवते, 16 वर्षं झाली. मोठं काही नाही, तीन हजाराच्या आसपास पुस्तकं, महिना 100 रुपये वर्गणी, आणि उशीर झाला तर दंड, जो मी पहिल्या वर्षानंतर कुणाकडून घेतलेला नाही कारण दंड घेतला की पोरगं परत येत नाही हे पहिल्याच वर्षी कळलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची बिलं माझ्या फाईलला आहेत. तेव्हा जुनं गिऱ्हाईक म्हणून चार शब्द बोलते, राग मानू नका, आणि आला तर येऊ दे.

माझं देवघेवीचं रजिस्टर कुणीही येऊन बघा. पोरं दुसरी-तिसरीपासून येतात, सातवीपर्यंत फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, गोट्या सगळं फस्त करतात, आणि आठवी लागली की मराठीच्या खात्यातून गायब. वाचायची थांबत नाहीत हां, इंग्लिशच्या फळीकडे सरकतात. मग एकदम विसाव्या-बाविसाव्या वर्षी एखादा मृत्युंजय मागायला उगवतो, तेही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून सवड मिळाली तर. मधली सात-आठ वर्षं कोरी. आणि तुम्ही लोक प्रत्येक परिसंवादात माईक धरून सांगता की मोबाईलमुळे मुलं वाचत नाहीत. अहो, माझ्याकडची दहावीतली पोरगी चारशे पानांचं पुस्तक चार दिवसांत परत आणून देते आणि पुढचा भाग आला का म्हणून विचारते, सहामाही चालू असताना. वाचत नाहीत म्हणे.

ही पोरं वाचतात तरी काय, म्हणून गेली तीन वर्षं मी ठरवून त्यांचीच पुस्तकं वाचतेय. वायए म्हणतात त्याला, यंग अडल्ट. मी आपली तेरा ते अठरा म्हणते. सगळंच सोनं आहे असं मुळीच नाही, त्यावर येतेच, पण आधी एक प्रसंग सांगते. नववीतल्या एका मुलीला मी आपली एक मराठी किशोर कादंबरी दिली, नाव सांगत नाही, लेखक चांगले आहेत. तिनं मागचं कव्हर वाचलं, शेवटची दोन पानं चाळली आणि म्हणाली, "काकू, ह्यात शेवटी कोण समजावतं?"

मला आधी कळलंच नाही काय म्हणतेय. मग रात्री फळीवरच्या आपल्या दहा-बारा किशोर कादंबऱ्या काढून नुसती शेवटची प्रकरणं वाचली. आजोबा. सर. काका. परत आजोबा. एकीत तर साधूबाबा. पोरं काहीतरी उद्योग करतात, अडकतात, आणि शेवटी मोठं माणूस येऊन त्यांना जवळ बसवतं आणि एकीचं बळ नाहीतर झाडांचं महत्त्व सांगतं. त्या मुलीनं एका वाक्यात तुमच्या सगळ्या कॅटलॉगचं परीक्षण केलं.

आता तीच मुलगी काय घेऊन गेली ते बघा. होली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर', 2019 चं. इंग्लंडमधलं एक लहान गाव, पाच वर्षांपूर्वी तिथली एक मुलगी नाहीशी झाली, तिचा मित्र सॅल सिंग मेलेला सापडला, सगळ्यांनी ठरवलं की त्यानंच तिला मारलं आणि स्वतःचा जीव घेतला. केस बंद. पिप नावाची शाळकरी पोरगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी म्हणून ती केस परत उकरते आणि सॅलचा भाऊ रवी तिला साथ देतो. अर्धं पुस्तक नुसत्या मुलाखती, नोंदी, मेसेज, प्रोजेक्टची डायरी. मुरलेल्या लेखकाच्या रहस्यकादंबरीइतकं सफाईदार नाही, मधे दोन-तीन योगायोग जरा गोडच आहेत, पण मला त्यातलं आवडलं काय, तर त्या सिंग कुटुंबाचं गावातलं जगणं. सगळं गाव त्यांच्याशी कसं वागतं ते. भारतीय आडनावाचं घर आहे हे लेखिका कुठं ठोकून सांगत नाही, पण वाचणाऱ्याला बरोब्बर कळतं की गावाला एवढ्या लवकर खात्री कशी पटली. आणि पिप जे करते त्याची किंमत पिपच मोजते. कुणी सर येत नाहीत.

हे आपल्याकडे होणार नाही असं थोडंच आहे? तालुक्याच्या गावात पाच वर्षांपूर्वी एका मुलाच्या माथी काहीतरी मारलेलं असतं, सगळे त्या घरासमोरून जाताना मान फिरवतात, आणि एक शाळकरी पोरगी प्रोजेक्टच्या वहीत नोंदी काढायला लागते. मला तर लिहिणारा कोण ते सुद्धा दिसतंय डोळ्यासमोर, पण मी लायब्ररीवाली, तुम्ही प्रकाशक.

बरं, आपल्याकडे रहस्यकथा नव्हत्या असंही नाही. मी चौदाची असताना बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलाय, नारायण धारपांमुळे रात्री परसात जायची भीती वाटायची, आणि सुहास शिरवळकर तर आमच्या वर्गात हातोहात फिरायचे, पानं सुटेपर्यंत. किशोर साहित्य म्हणून कुणी ते छापलं नव्हतं, पण तेरा ते अठराची भूक त्यांनीच भागवली. तो धागा तुटला आणि त्या जागी तुम्ही संस्कार ठेवलेत.

आता जरा आमच्या मिरजेचं, पण आधी एक पुस्तक. सुझन कॉलिन्सच्या हंगर गेम्सचं नवं पुस्तक 2025 च्या मार्चमध्ये आलं, 'सनराईज ऑन द रीपिंग'. मी थोड्या नाखुशीनंच घेतलं, म्हटलं झालं आता, गाय आटली तरी दूध काढतायत. त्यात हेमिचची गोष्ट आहे, जो पहिल्या पुस्तकांत दारुडा गुरू म्हणून येतो. सरकार दरवर्षी टीव्हीवर दाखवतं ते जीवघेणे खेळ, त्यातले हे पन्नासावे, नेहमीच्या 24 ऐवजी 48 पोरं एकमेकांना मारायला सोडलेली. शेवट आपल्याला आधीच माहीत, त्या खेळाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या पुस्तकात पात्रांनी बघितलेलंच आहे. आणि गंमत तीच आहे, हे पुस्तक त्या रेकॉर्डिंगमधून काय काय कापलं ते दाखवतं. म्हणजे जिंकलेल्याची गोष्टसुद्धा सरकार एडिट करून दाखवतं आणि लोक तेवढंच खरं धरतात. आख्खा दिवस रील बघणाऱ्या पोरांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं बरं का. माझ्याकडचा एक अकरावीतला मुलगा पुस्तक परत देताना म्हणाला, "काकू, हे मारामारीचं नाहीये, हे एडिटिंगचं आहे." मी तिथंच त्याला चहा पाजला.

तर डिस्टोपिया, म्हणजे असल्या बिघडलेल्या, भयाण जगाच्या गोष्टी, हे परदेशी खूळ असं तुमच्यातल्या एकानं मला फोनवर ऐकवलं होतं. मला हसू आलं. अहो, डिस्टोपिया आमच्या मिरज जंक्शनवरून सुटलाय! 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे इथून गेली, पहिल्या खेपेला 10 टँकर, पाच लाख लिटर. आम्ही बघायला गेलो होतो. तिकडे लातुरात पाणवठ्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, पाण्यासाठी 144 कलम! आणि तीनच वर्षांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, इकडे सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर, माणसं गच्चीवर, पिण्याचं पाणी होडीतून. एका जिल्ह्यातून पाणी रेल्वेनं पाठवायचं आणि मग त्याच जिल्ह्यानं पाण्यात बुडायचं, हे कुठल्या अमेरिकन लेखिकेला सुचलं असतं तर तीन भाग आणि सिनेमा झाला असता. तेव्हा पंधरा वर्षांची असलेली पोरं आता नोकरीला लागली. त्यांच्यासाठी ह्यावरची एक कादंबरी माझ्या फळीवर नाही. अहवाल आहेत, कविता आहेत, मोठ्यांच्या कथा असतील, पण पंधरा वर्षांच्या नजरेतून नाही.

सगळ्यात जास्त मला ज्या पुस्तकानं पकडलं ते मात्र सबा ताहिरचं 'ऑल माय रेज'. 2022 चं, त्याला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड पण आहे, पण ते मला नंतर कळलं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं एक फुटकळ गाव, तिथं लाहोरहून आलेल्या नवराबायकोचं मोडकळीला आलेलं मोटेल, बाप दारूत, आई आजारी, आणि मुलगा सलाहुद्दीन ते मोटेल वाचवायला नको त्या धंद्यात उतरतो. त्याची मैत्रीण नूर, भूकंपात घर गेलेली, मामा-काका जो कोण आहे त्याच्या दारूच्या दुकानात राबते आणि त्याच्या चोरून कॉलेजांना अर्ज करते. एक प्रकरण मुलाचं, एक मुलीचं, मधे मधे आईचं, तेही तिच्या लग्नाआधीपासूनचं. मला ते आईचे भाग वाचताना कळलं की लेखिकेनं केवढं धाडस केलंय, वायएमध्ये आईला स्वतःची तरुण वर्षं दिलीत. आपल्या किशोर कादंबरीत आई डबा देते आणि "सांभाळून रे" म्हणते.

त्यात मारहाण आहे, व्यसन आहे, मरण आहे. पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच स्वच्छ लिहून ठेवलंय की आत हे हे आहे, झेपत असेल तर पुढे जा. मला हे फार सभ्य वाटलं. आपण काय करतो, एक तर विषयच काढत नाही, नाहीतर सिनेमात काढतो. हो ना, शाळा, फँड्री, किल्ला, सैराट, मराठी सिनेमानं वाढत्या वयातल्या पोरांचं जग केव्हाच गाठलं. फँड्रीतल्या जब्यानं शेवटी दगड भिरकावला, तेव्हा त्याला समजवायला कुठले सर आले होते? प्रेक्षकांनी तो दगड घेतला ना तोंडावर? मग वाचकांना झेपणार नाही हे तुम्ही कुठून ठरवलंत.

आणि शाळा तर मुळात तुमच्याच बिरादरीतून आलेलं पुस्तक. मिलिंद बोकीलांची कादंबरी, 2004 ची. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, शिरोडकर. माझ्याकडे तिची तिसरी प्रत चालू आहे, आधीच्या दोन प्रती पोरांनी वाचून वाचून संपवल्या. त्यात नरूमामा आहे, मोठा आहे, पण उपदेश करत नाही, त्याच्याशी बोलता येतं. एवढाच फरक लागतो हो. ती मोठ्यांची कादंबरी म्हणून छापली गेली म्हणून वाचली, किशोर विभागात गेली असती तर मुखपृष्ठावर दप्तर घेतलेला गुबगुबीत मुलगा आणि फुलपाखरू आलं असतं. प्रकाश नारायण संतांच्या लंपनचंही तेच. वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. आमच्या ह्या बेळगाव पट्ट्यातली पोरं ती भाषा वाचून खुदकन हसतात, कारण घरात आजी तशीच बोलते. म्हणजे येतं की आपल्याला. पण शाळा येऊन वीस वर्षं उलटली, आणि आजही कुणी पंधराचं पोरगं आलं की मी तीच दोन नावं पुढे करते. त्या पुस्तकांतल्या पोरांकडे मोबाईल नाही, क्लास नाही, सीईटी नाही. 2024 च्या नीटला आधी 67 जणांना 720 पैकी 720 पडले आणि मग देशभर गोंधळ झाला, धागेदोरे आपल्या लातूरपर्यंत आले. माझ्या लायब्ररीतल्या तीन पोरी त्या परीक्षेला बसल्या होत्या. त्यांचं पुस्तक कुठाय? फास्टर फेणेला 2017 च्या सिनेमात मेडिकलच्या एन्ट्रन्सला बसवलं ते बरोबर केलं, निदान तो मोठा तरी झाला. पुस्तकांत तो अजून फुरसुंगीचा बारका बन्याच आहे, लाडका आहे, पण बारका आहे.

आता इंग्लिशवाल्यांचं कौतुक पुरे, कारण कचराही भरपूर आहे. रोमँटसी म्हणतात ती लाट, प्रेम अधिक जादू अधिक तलवार. लॉरेन रॉबर्ट्सचं 'पॉवरलेस' माझ्याकडे कायम बाहेर असतं, नंबर लागलेले असतात, म्हणून मीही वाचलं. शक्ती असलेल्यांच्या राज्यात शक्ती नसलेली मुलगी, राजपुत्र, जीवघेण्या स्पर्धा. मला असं वाटलं की आधीची चार पुस्तकं मिक्सरमधून काढलीत. राजपुत्र दर दोन पानांनी ओठ वाकडा करून हसतो. पण पोरी खूश आहेत आणि मीही त्यांच्या वयात गुलाबी मासिकं वाचलीच होती, तेव्हा गप्प बसते. ह्या लाटेत एक घोळ मात्र आहे, मोठ्यांसाठी लिहिलेली 'फोर्थ विंग'सारखी पुस्तकंही ड्रॅगन बघून दुकानदार त्याच ढिगात ठेवतात, आणि बारावीच्या आतल्या पोरीला ते देताना मला विचार करावा लागतो. मी आत चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठी बघून जास्त जण मागतात, हा भाग वेगळा.

त्याच लाटेतलं रेबेका रॉसचं 'डिव्हाईन रायव्हल्स' मला आवडलं. दोन तरुण पत्रकार, एका वर्तमानपत्रात एकाच जागेसाठी भांडणारे, आणि जादूचे टाईपरायटर. ती युद्धावर गेलेल्या भावाला पत्रं लिहून कपाटाच्या दाराखालून सरकवते, ती पोचतात त्या दुसऱ्याकडे. देवांचं युद्ध वगैरे जे मागे चालू आहे ते पुठ्ठ्याचं वाटतं, पण पत्रं छान आहेत. वाचून झाल्यावर एका पोरीनं मला विचारलं की आंतर्देशीय कुठं मिळतं.

'हार्टस्टॉपर'वर एका पालकांनी आक्षेप घेतला होता. ॲलिस ओसमनचं चित्रमालिकेचं पुस्तक, शाळेतले दोन मुलगे, हळूहळू एकमेकांच्या प्रेमात पडतात. मी म्हटलं, घरी न्या, तुम्ही वाचा, मग बोलू. आठवड्यानं आले, पुस्तक ठेवलं, म्हणाले "दुसरा भाग आहे का?" कुणासाठी ते मी विचारलं नाही.

आणि तुम्हाला सगळ्यात स्वस्तात करता येईल असं एक. जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाऊन', 2017 चं, मुक्तछंदात आहे आख्खं. पंधरा वर्षांच्या मुलाचा भाऊ गोळी लागून मरतो, हा पिस्तूल घेऊन बदला घ्यायला निघतो, आणि लिफ्टनं खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर एक मेलेला माणूस आत येतो. गोष्ट एका मिनिटाची. अजिबात न वाचणाऱ्या एका मुलाला मी दिलं, तर आधी कुरकुर, "काकू हे फसवणूक आहे, अर्धं पान कोरंच आहे." दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन आला आणि शेवटी तो लिफ्टबाहेर पडून काय करेल ह्यावर दोघं माझ्या दारात पाऊण तास भांडले. शेवट लेखकानं उघडा सोडलाय. मी काही सांगितलं नाही, मलाही माहीत नाही.

कवितेचं पुस्तक खपत नाही हे मला माहितीये, माझ्याही कवितेच्या फळीवर धूळ असते. पण ओवी आणि पोवाड्यातून गोष्ट सांगणाऱ्या भाषेत पोरांसाठी एक कादंबरी अशी निघू नये? शंभर पानं, कागद कमी, किंमत दीडशे. वर्गातलं सगळ्यात आळशी पोरगं वाचेल, माझा शब्द.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. तुमच्या पुस्तकात मुलं म्हणतात, "मित्रांनो, आज आपण टेकडीवर सहलीला जाऊया का?" माझ्या दारातली म्हणतात, "ए निघ की, आईनं विचारलं तर क्लास म्हण." प्रूफ तपासणाऱ्यांना विनंती की दुसरं वाक्य तसंच राहू द्या, शुद्ध करू नका. आणि हस्तलिखित छापण्याआधी मला पाठवा, मी पाच पोरांना देते, फुकट, ती कुठं जांभई देतात त्या पानावर खूण करून परत पाठवते. एका प्रकाशकांना मी हे दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, त्यांनी उत्तरादाखल संस्कारकथांचा सवलतीतला संच पाठवला. आहे अजून, वरच्या फळीवर.

मधली फळी मी रिकामी करून ठेवलीये, तीन फुटांची आहे, सध्या तिच्यावर मनीप्लांटची बाटली आणि पोरांच्या सायकलच्या किल्ल्या असतात. पहिलं पुस्तक आलं की किल्ल्यांना खिळा ठोकते. प्रती दोन पाठवा, एक हरवतेच. बिल नेहमीसारखं, तीस टक्के कमिशन, कुरिअर तुमच्याकडे.

मिरजेहून,
तुमचं जुनं गिऱ्हाईक